ठक् ठक्... कोणी ऐकतंय का?

मराठी विभागात लिहायची ही माझी पहिलीच वेळ. शाळा कॉन्व्हेंट. तिथे मराठी म्हणजे आठवड्याचे चार तास, आणि बाकीच्या वेळी वर्गात मराठी बोललं की पाच रुपये दंड. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर त्या संपादक मंडळाच्या नजरचुकीने राहिल्या असं समजा! पण हा लेख मला मराठीतच लिहायचा होता. ज्यांनी तो वाचावा असं मला मनापासून वाटतं, ते माझे आजोबा इंग्रजी वाचत नाहीत.

सुरुवात झाली ती रूममेटमुळे. ती मेटालिकाची कट्टर फॅन. डिजिटल कम्युनिकेशनच्या वायवाच्या आदल्या रात्री तिने 'वन' हे गाणं लूपवर लावलं होतं. १९८८ च्या अल्बममधलं हे गाणं, आणि मेटालिकाचा पहिला म्युझिक व्हिडिओ याच गाण्याचा. मी म्हटलं, "बंद कर गं, मला शॅनन पाठ करायचाय." ती म्हणाली, "हे गाणं पण कम्युनिकेशनवरच आहे. याच्यामागे एक पुस्तक आहे, आणि त्या पुस्तकावर रेडिओचं जुनं नाटक आहे. ऐक एकदा."

रेडिओवरचं नाटक म्हटल्यावर मला आजोबाच आठवले. आजोबा म्हणजे आईचे वडील, साताऱ्याकडे गावी असतात. ते तोफखान्यात होते आणि १९७१ च्या लढाईत होते. त्यांना ऐकू फार कमी येतं. रेडिओ कायम फुल व्हॉल्यूमला. श्रुतिका असो, हवामहल असो नाहीतर बातम्या, अख्ख्या आळीला ऐकू जायचं. सुट्टीत गेलो की आम्ही नातवंडं वैतागायचो. रेडिओवर नाटक कसलं ऐकायचं, काही दिसत तर नाही, असं माझं तेव्हाचं मत होतं.

वायवा झाला (कसा झाला ते विचारू नका). त्या रात्री दिवा बंद केला, हेडफोन लावले आणि नाटक सुरू केलं.

नाटक आहे तरी काय?

नाटकाचं नाव 'जॉनी गॉट हिज गन'. डाल्टन ट्रम्बो या अमेरिकन लेखकाची याच नावाची कादंबरी ३ सप्टेंबर १९३९ ला प्रसिद्ध झाली. दुसरं महायुद्ध सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन दिवस झाले होते. गोष्ट मात्र पहिल्या महायुद्धातली आहे. पुढे सहाच महिन्यांत, ९ मार्च १९४० ला, आर्च ओबोलर याने तिचं रेडिओ नाटक करून एनबीसीवर सादर केलं. मुख्य भूमिकेत होता जेम्स कॅग्नी, गँगस्टरच्या भूमिकांमुळे तेव्हाचा हॉलिवूडचा मोठा स्टार.

गोष्टीचा नायक जो बॉनहॅम हा बेकरीत काम करणारा एक साधा मुलगा, विशीच्या आसपासचा. युद्धात जातो, तोफेचा गोळा जवळ फुटतो, आणि जाग येते ती हॉस्पिटलमध्ये. आधी कळतं की ऐकू येत नाही. मग कळतं की हात नाहीत. मग पाय. मग हळूहळू लक्षात येतं की चेहराच उरलेला नाही, म्हणजे डोळे नाहीत, जीभ नाही, जबडा नाही. शिल्लक आहे कातडीचा स्पर्श, मान हलवण्याइतकी ताकद आणि ठणठणीत शाबूत असलेला मेंदू.

तो काय करतो? तो मोजायला लागतो. कादंबरीत हा भाग फार सुंदर आहे. नर्स चालत आली की जमिनीची थरथर पलंगाच्या स्प्रिंगांमधून त्याच्यापर्यंत पोचते. पावलांच्या वजनावरून तो नर्स ओळखतो. ऊन मानेवर पडलं की सकाळ झाली. त्यावरून दिवस, दिवसांवरून महिने, आणि मग वर्षं. भिंतीवर घड्याळ नाही, कॅलेंडर नाही, पण या मुलाने स्वतःच्या कातडीचा सेन्सर करून कॅलेंडर बनवलंय. आपल्या इन्स्ट्रुमेंटेशनच्या लॅबमध्ये इतका चांगला सेन्सर नाही!

अंधारातलं माध्यम

तुम्ही म्हणाल, ऐकू न येणाऱ्या माणसाची गोष्ट रेडिओवर? जिथे फक्त ऐकूच येतं तिथे? मलाही आधी हे उलटं वाटलं. पण ऐकताना कळलं की या गोष्टीसाठी रेडिओइतकं योग्य माध्यम दुसरं नाही.

१९७१ मध्ये ट्रम्बोने स्वतःच याचा सिनेमा काढला. त्यात हॉस्पिटल कृष्णधवल आहे आणि आठवणी रंगीत. सिनेमा चांगलाच आहे, कानच्या महोत्सवात त्याला ज्युरीचं खास पारितोषिकही मिळालं. पण सिनेमात आपण 'जो'कडे बाहेरून बघतो. पलंगावर पांढऱ्या कापडाखाली काहीतरी आहे, आणि आपण त्याच्या शेजारी उभे आहोत. रेडिओवर आपल्याला तो दिसतच नाही. त्यालाही काही दिसत नाही, आपल्यालाही नाही. त्याच्या डोक्यातला आवाज तेवढा आपल्या डोक्यात येतो. दिवा बंद करून ऐकलं तर दोन मिनिटांत आपण त्या पलंगावर असतो.

ओबोलर यात वाकबगार होता. त्याआधी त्याने 'लाइट्स आउट' नावाची भीतीच्या नाटकांची मालिका लिहिली होती. दिवे घालवून ऐका, हे तिच्या नावातच सांगितलेलं! पात्राच्या मनातले विचार थेट माइकसमोर बोलायचे, ही त्याची आवडती पद्धत. स्टेजवर 'स्वगत' म्हटलं की नट प्रेक्षकांकडे तोंड करून मोठ्याने बोलतो. रेडिओवर तो माइकच्या अगदी जवळ येऊन कुजबुजू शकतो. अर्ध्या तासाच्या नाटकात कॅग्नीचा आवाज कधी हसरा, कधी घाबरलेला, कधी चिडलेला. पडद्यावरचा गँगस्टर त्यात कुठेही सापडत नाही.

ठोक्यांचं गणित

आता टेक्निकल भाग. 'जो'ला बोलायचं आहे, पण आउटपुट डिव्हाइस एकच, ते म्हणजे मान. त्याला लहानपणी मित्राबरोबर शिकलेला मोर्स कोड आठवतो. तो डोकं उशीवर आपटायला लागतो. तीन लहान, तीन लांब, तीन लहान. एसओएस.

मोर्सचे नियम सोपे आहेत. एक डॉट म्हणजे एक युनिट, डॅश म्हणजे तीन. एकाच अक्षरातल्या दोन खुणांमध्ये एक युनिट गॅप, दोन अक्षरांमध्ये तीन आणि दोन शब्दांमध्ये सात. इंग्रजीत 'ई' सगळ्यात जास्त वेळा येतो म्हणून त्याला एकच डॉट. 'क्यू' क्वचित येतो म्हणून त्याला चार खुणा. आपण हफमन कोडिंगमध्ये हेच शिकतो.

पण डोकं आपटून डॅश कसा करणार? ठोका तर ठोकाच असतो. मी आणि रूममेटने रात्री एक वाजता प्रयोग केला. मी उशीवर, तिचा तळहात उशीखाली. डोकं टेकवून लगेच उचललं तर डॉट, टेकवून ठेवलं तर डॅश, असं ठरलं. एक युनिट साधारण अर्ध्या सेकंदाचं. मेसेज होता 'चहा', म्हणजे सी-एच-ए-एच-ए. हिशोब केला तर ४७ युनिट होतात, म्हणजे साडेतेवीस सेकंद. तिने पहिल्यांदा 'सी-एस-ए-एच-ए' असं वाचलं, कारण एच चार डॉटचा आणि एस तीनचा, एक ठोका हुकला. तीन वेळा पाठवल्यावर चहा पोचला. माझी मान दुसऱ्या दिवशीही अवघडलेली होती.

मोर्सचा वेग मोजताना ५० युनिटचा एक शब्द धरतात. अर्ध्या सेकंदाच्या युनिटने एका शब्दाला २५ सेकंद. वीस शब्दांच्या एका वाक्याला आठ मिनिटांपेक्षा जास्त. मला एका 'चहा'ने दमवलं. 'जो' महिनोन्महिने ठोके देत राहतो.

नॉइज की सिग्नल?

आणि त्या ठोक्यांचं होतं काय? नर्सला वाटतं त्याला झटके येतायत. डॉक्टर येतो, गुंगीचं औषध देतो. ठोके बंद. शुद्ध आली की पुन्हा ठोके, पुन्हा औषध.

इथे मी नाटक थांबवलं. शॅननने १९४८ च्या पेपरमध्ये जी आकृती काढली ती आपण सगळे परीक्षेत काढतो. सोर्स, ट्रान्समीटर, चॅनल, मध्ये बाणाने घुसणारा नॉइज, रिसीव्हर, डेस्टिनेशन. पाच मार्काला हमखास. माझ्या डोक्यात नॉइज म्हणजे बाहेरून येणारी खरखर. पण इथे चॅनल स्वच्छ आहे, ट्रान्समीटर जिवाच्या आकांताने चालू आहे आणि सिग्नल अगदी शुद्ध मोर्समध्ये येतोय. रिसीव्हरनेच ठरवून टाकलंय की हा सगळा नॉइज आहे. आणि नॉइज म्हटला की आपण काय करतो? फिल्टर लावतो. ते इंजेक्शन म्हणजे फिल्टर!

कादंबरीत शेवटी एक नवी नर्स येते. तिने मोर्स शिकलेला नाही. ती फक्त एक वेगळी गोष्ट करते. नाताळाच्या दिवशी ती बोटाने त्याच्या छातीवर एकेक अक्षर काढून त्याला शुभेच्छा देते. समोर कोणीतरी आहे आणि त्याला कळतंय, असं ती आधी धरून चालते. म्हणूनच त्याचे ठोके म्हणजे झटके नव्हेत हे तिला कळतं आणि ती मोर्स जाणणाऱ्याला बोलावून आणते.

गोष्टीच्या बाहेर

हे सगळं कल्पनेतलं वाटत असेल तर काही खऱ्या गोष्टी सांगते.

१९६६ मध्ये उत्तर व्हिएतनामच्या कैदेत असलेला अमेरिकन नौदलाचा वैमानिक जेरेमाया डेंटन याला टीव्ही कॅमेऱ्यासमोर बसवलं. तोंडाने तो प्रश्नांची उत्तरं देत होता, आणि त्याच वेळी पापण्या मिचकावून मोर्समध्ये 'टॉर्चर' हा शब्द पाठवत होता. बघणाऱ्याला वाटावं, लाइटमुळे डोळे दिपतायत. अमेरिकन नौदलाच्या गुप्तचरांनी तो वाचला.

फ्रान्समधल्या 'एल' मासिकाचा संपादक जाँ-डोमिनिक बोबी याला १९९५ मध्ये स्ट्रोक झाला. सगळं शरीर गेलं, डावी पापणी राहिली. समोरची व्यक्ती अक्षरं वाचायची आणि हवं ते अक्षर आलं की तो पापणी मिटायचा. अक्षरांचा क्रम एबीसी नव्हता, फ्रेंचमध्ये जी जास्त येतात ती आधी. पुन्हा तेच मोर्सचं तत्त्व! त्याने असं अख्खं पुस्तक सांगितलं आणि ते १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं.

२००६ मध्ये एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी याच्याही पुढची गोष्ट दाखवली. अपघातानंतर काहीही प्रतिसाद न देणारी २३ वर्षांची एक मुलगी. डॉक्टरी भाषेत ती 'व्हेजिटेटिव्ह'. तिला एफएमआरआय स्कॅनरमध्ये ठेवून सांगितलं, आपण टेनिस खेळतोय अशी कल्पना कर. मग सांगितलं, आपल्या घरातून फिरतेयस अशी कल्पना कर. निरोगी माणसाच्या मेंदूत जे भाग उजळतात तेच तिच्या मेंदूत उजळले. ती ऐकत होती! पुढे २०१० मध्ये अशाच एका रुग्णाशी 'टेनिस म्हणजे हो, घर म्हणजे नाही' असं बोलणंही झालं. आणि २०२१ मध्ये मानेखाली लुळ्या पडलेल्या एका माणसाने हाताने लिहितोय अशी नुसती कल्पना केली, आणि मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडनी मिनिटाला ९० अक्षरं टाइप केली.

चॅनल सुधारलाय यात शंकाच नाही. मान, पापणी, रक्तप्रवाह, इलेक्ट्रोड. हे आपल्याच फील्डचं काम आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

उत्तर

पण गोष्ट इथे संपत नाही. 'जो'च्या कपाळावर बोटाने मोर्समध्ये विचारलं जातं की तुला काय हवंय. तो भडाभडा सांगतो. मला बाहेर न्या, लोकांना दाखवा, युद्ध म्हणजे काय ते माझ्याकडे बघून कळू दे. विचार होतो आणि उत्तर येतं की तू मागतोस ते नियमात बसत नाही. आणि पुन्हा औषध.

मेसेज एकही एरर न येता पोचला होता. शॅननने त्याच पेपरमध्ये म्हटलंय की मेसेजचा अर्थ हा इंजिनिअरिंगचा प्रश्न नाही. मी ते पाठ केलं होतं, त्याची बोच पहिल्यांदाच लागली.

एक योगायोगही सांगते. नाटकाचं नाव पहिल्या महायुद्धातल्या एका लोकप्रिय गाण्यावर उलटवलेलं आहे. जॉर्ज कोहॅनच्या १९१७ च्या त्या गाण्यात जॉनीला बंदूक घ्यायला बोलावलंय. पुढे जॉनीचं काय झालं ते ट्रम्बोने लिहिलं. आणि १९४२ च्या सिनेमात त्या कोहॅनची भूमिका करून ऑस्कर कोणी मिळवलं? जेम्स कॅग्नीने! तोवर अमेरिका युद्धात उतरली होती. खुद्द ट्रम्बोचंही त्या युद्धाला समर्थन होतं आणि कादंबरी तेव्हा छापली जात नव्हती, याचं त्याला वाईट वाटलं नाही. हिटलरविरुद्ध लढू नये असं म्हणायला माझीही जीभ रेटत नाही. पण लढायला पाठवलेल्याचं परत आल्यावर ऐकायचं की नाही, हा प्रश्न त्यानंतरही उरतोच.

आजोबा

आता आजोबांकडे येते.

मी आठ वर्षांची असतानाची दिवाळी. आजोबा अंगणात खुर्चीत बसले होते. मामेभावाने पैज लावली, मी सुतळी बॉम्ब डालड्याच्या डब्याखाली ठेवून त्यांच्या मागे लावला. बहिऱ्याला काय ऐकू येणार, असं आमचं लॉजिक. बॉम्ब फुटला आणि आजोबा खुर्चीतून सरळ जमिनीवर पालथे झाले. जाता जाता त्यांनी मला ओढून खाली घेतलं आणि माझ्या डोक्यावर हात धरला. सगळे हसले. मीही हसले. आजोबा उठले, कपडे झटकले आणि आत गेले. फराळाला आले नाहीत. आजी म्हणाली, "त्यांचं आहेच तसं विक्षिप्त." झोपेत ओरडायचे, तेही 'तसंच'. सगळ्याला आमच्याकडे एक शब्द होता, स्वभाव.

नाटक ऐकल्यावर मी थोडं वाचलं. तोफांच्या आवाजाने कान जातात तेव्हा सगळं एकदम जात नाही. आधी ४ किलोहर्ट्झच्या आसपासचं जातं. स, श, फ असली व्यंजनं वरच्या फ्रीक्वेन्सीत असतात, ती हरवतात. खालचा धमाका ऐकू येतो, शिवाय जमिनीतून पायालाही कळतो. म्हणजे बॉम्ब त्यांना नीट कळला होता; आमचं बोलणं कळत नव्हतं. आम्ही ओरडायचो त्याने आवाज वाढायचा, अक्षरं सुटी व्हायची नाहीत. मनाचंही तसंच. १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरने सैनिकांच्या अशा त्रासाबद्दल लिहिताना 'शेल शॉक' हा शब्द वापरला. 'पीटीएसडी' हे नाव अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत आलं १९८० मध्ये. आजोबांना तोच त्रास आहे असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण ज्याला आम्ही नॉइज म्हणून फिल्टर लावला होता, त्यात काही मेसेज असेल असं आमच्या मनातही आलं नव्हतं.

सेमिस्टर संपल्यावर गावी गेले. आजोबांच्या समोर, उजेडात बसले, म्हणजे माझे ओठ दिसतील. न ओरडता, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलले. आधी बॉम्बबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "कसला बॉम्ब?" लक्षात असूनही विचारलं की खरंच विसरले होते, कोण जाणे. मग मी नाटकाची गोष्ट सांगितली. पाऊण तास लागला. माझ्या मराठीचीही परीक्षाच होती. 'वर्दी'ला मी चारदा 'युनिफॉर्म' म्हणाले.

ऐकून झाल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तोफ डागताना तोंड उघडं ठेवायचं असतं. नाहीतर कानाचा पडदा जातो." थोड्या वेळाने म्हणाले, "आमच्या तोफेवर एक पोरगा होता. तो विसरायचा." पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

रात्री जेवताना त्यांनीच एकदम विचारलं, "त्या तुझ्या नाटकातल्या पोराला नेलं का मग बाहेर?"

"नाही आजोबा. नियमात बसत नव्हतं."

ते हसले. "हां. नियम असतात."

त्यांनी अजून बाकीचं काही सांगितलेलं नाही. कदाचित सांगणारही नाहीत. पण आता मी दर रविवारी व्हिडिओ कॉल करते, दिव्यासमोर बसून, सावकाश बोलते. मधूनमधून एखादं वाक्य येतं. वेग मोजला तर 'जो'पेक्षाही कमी भरेल. चालेल. रिसीव्हर चालू आहे.

तुम्हीही हे नाटक ऐका. जेमतेम अर्ध्या तासाचं आहे. फक्त दिवा बंद करा. आणि ऐकून झाल्यावर तुमच्या घरात 'स्वभावच तसा' म्हणून सोडून दिलेलं कोणी आहे का, ते एकदा आठवून बघा.